पत्ते, भिडू आणि संशय

आमच्या गावाचे नाव शुगर लँड. टेक्सास राज्यात ह्यूस्टन शहराच्या नैर्ऋत्येला सुमारे वीस मैलांवर ते वसले आहे. १८४३ पासूनची परंपरा सांगणारा येथील साखर शुद्ध करण्याचा कारखाना २००३ साली बंद पडला आणि आता या साखरेच्या गावात साखर मिळते ती इतर गावांप्रमाणे दुकानातच. नाव एक आणि वस्तुस्थिती दुसरी, याची आम्हांला त्यामुळे सवय आहे. तरीही मागल्या वर्षी एका पत्त्यांच्या खेळापायी आमच्या नात्यात जे घडले ते येथे सांगावेसे वाटते. आपल्या वाचकांपैकी पुष्कळांची कुटुंबे आमच्यासारखीच दोन-तीन देशांत विखुरली आहेत आणि आठवड्यातून एकदा पडद्यावर भेटणे हाच त्यांचा शेजार होऊन बसला आहे.

हा खेळ म्हणजे ब्रिज. ज्यांना तो येत नसेल त्यांनी आपल्याकडचा तीनशे चारचा डाव आठवावा. चौघे बसायचे, समोरासमोरचे दोघे भिडू, आधी बोली करायची, चढी बोली ज्याची त्याचा हुकूम, आणि मग बोललेले हात करून दाखवायचे. ठाण्यास असताना आम्ही आणि आमचे मेहुणे एकाच कचेरीत होतो. जेवणाच्या सुट्टीत डबा दहा मिनिटांत संपवून उरलेला वेळ ब्रिजमध्ये जाई. त्या काळी मेहुणे हे मेहुणे नव्हते, आमचे भिडू होते. नाते मागाहून जुळले. पुढे ते अश्दोदला गेले, आम्ही इकडे आलो, आणि चाळीसएक वर्षे पत्ते बंद राहिले. मार्च २०२० मध्ये महामारीने सर्वांना घरात कोंडले तेव्हा संगणकावर ब्रिज खेळता येतो हे आम्हांस कळले. रविवारी सकाळी आमच्याकडे नऊ वाजले की अश्दोदला संध्याकाळचे पाच वाजतात. त्या वेळी इकडे आम्ही आणि आमच्या सौ., तिकडे मेहुणे आणि वहिनी, असा डाव सुरू झाला. शनिवारी अर्थातच यंत्र बंद. एरवी सकाळी-संध्याकाळी आम्ही अनोळखी माणसांबरोबरही खेळू लागलो.

आणि थोड्याच दिवसांत आमची तक्रार सुरू झाली की हे यंत्र पत्ते नीट वाटत नाही.

तक्रारीला कारण होते. एके दिवशी आम्हां दोघांत मिळून इस्पिकची आठ पाने होती. बाहेरची पाच प्रतिपक्षात तीन-दोन अशी पडतील या भरवशावर चार इस्पिकची बोली केली. पाचही पाने एकाच हातात निघाली, डबल झाले आणि आम्ही तीन हातांनी बुडालो. दोन दिवसांनी आमच्या हाती बदामाचे एकही पान नाही. त्याच्या पुढच्या डावात प्रतिपक्षाकडे किल्वरची सात पाने. कचेरीत बारा वर्षे खेळलो, पण असले डाव महिन्यातून एखादे. येथे रोज एक. ज्यांच्याशी खेळलो त्यांतील जुने खेळाडू हेच म्हणत. एक गृहस्थ तर म्हणाले की खेळात चुरस राहावी म्हणून मुद्दाम असे वाकडे डाव तयार करतात. आम्हांला ते पटले. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण आम्हांला येत नव्हती असे नाही. परंतु ती नेहमी दुसऱ्याबद्दल आठवते.

आमचे चिरंजीव संगणकाच्या क्षेत्रात काम करतात. त्यांच्याकडे ही कैफियत नेली तेव्हा त्यांनी यंत्राचा विषयच काढला नाही. त्यांनी विचारले, “बाबा, कचेरीत तुम्ही पत्ते पिसत कसे होता?” आम्ही गड्डी हातात घेऊन दाखविले. थोडी पाने उचलायची, पुढे टाकायची, पुन्हा थोडी उचलायची. तीनचार वेळा केले की कापायला पुढे. ते हसले आणि त्यांनी जे समजावून सांगितले ते येथे सविस्तर देतो, कारण त्याने आमची एक जुनी श्रद्धा मोडली.

डाव संपला की टेबलावर तेरा हात पडलेले असतात. प्रत्येक हातात चार पाने, आणि रंगाला रंग टाकावा लागत असल्याने बहुधा ती एकाच रंगाची. या चौकड्या एकावर एक ठेवून घाईघाईने पिसल्या तर पुष्कळशा तशाच चिकटून राहतात. मग एकेक पान चौघांना वाटत गेले की त्या चौकडीतील एकेक पान प्रत्येकाच्या वाट्याला जाते. सर्वांना सर्व रंग थोडे थोडे, कोणाकडे फार नाही, कोणाकडे अगदीच कमी नाही. पर्सी डायकोनिस आणि डेव्ह बायर या दोन गणितज्ञांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षाप्रमाणे, गड्डीचे दोन भाग करून ते एकमेकांत फडफडत मिसळण्याची जी पाश्चात्त्य रीत आहे तिने बावन्न पाने पुरेशी मिसळायला सुमारे सात वेळा पिसावे लागते. आपल्या हातावरच्या रीतीने तर हा आकडा हजारोंच्या घरात जातो. पाऊण तासाच्या सुट्टीत हजारो वेळा कोण पिसणार?

म्हणजे आम्ही ज्याला बारा वर्षे पत्त्यांचा स्वभाव समजत होतो तो आमच्या हातांचा आळस होता. यंत्र नीट पिसते म्हणून डाव वाकडे दिसतात. खरे गणित असे आहे की तेरा पानांच्या एका हातात एखादा रंग अजिबात नसणे हे वीस डावांत एकदा घडावे. टेबलाभोवती चौघे असतात, तेव्हा पाच-सहा डावांत एकदा कोणाच्या तरी हातात असे भोक असणारच. सात किंवा अधिक पानांची रांग पंचवीस हातांत एकदा. शंभर हातांपैकी पस्तीस-छत्तीस हातांत एखाद्या रंगाचे एकच पान असते किंवा एकही नसते. आणि आमचा तो बुडालेला डाव? बाहेरची पाच पाने तीन-दोन अशी शंभरांत अडुसष्ट वेळा पडतात, चार-एक अशी अठ्ठावीस वेळा, आणि पाचही एका हातात चार वेळा. शंभरांत चार म्हणजे काही धूमकेतू नव्हे.

चिरंजीवांनी जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली. तेरा पानांचे एकूण हात ६३,५०१ कोटींहून अधिक आहेत. तेराही पाने इस्पिकची येणे म्हणजे त्यांतला एक. वर्तमानपत्रात मधूनमधून अशा हाताची बातमी येते आणि लोक अचंबा करतात. पण काल सकाळी ज्या फडतूस हातावर आम्ही जांभई देऊन पास म्हटले, तो नेमका तेरा पानांचा हातही तितकाच दुर्मीळ होता. ६३,५०१ कोटींत एक. त्याचे नवल आम्हांला वाटले नाही, कारण त्याला आम्ही नाव दिलेले नव्हते. असामान्य काय हे पत्ते ठरवीत नाहीत. ज्याने आपले नुकसान झाले, किंवा जे सांगायला बरे वाटते, त्याला आपण असामान्य म्हणतो. हे कळल्यावर मनुष्य शहाणा होतो असे मात्र नाही. त्याच संध्याकाळी हुकूम चार-एक फुटला आणि आमच्या तोंडून यंत्राला शिवी गेलीच.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. काही ठिकाणी यंत्राबरोबर एकट्याने खेळायचे प्रकार असतात आणि त्यांत माणसाला मुद्दाम चौघांतला सर्वांत जड हात देतात. पूर्वीही रबर ब्रिजमध्ये गंमत म्हणून पत्ते न पिसता पाच-पाच-तीन असे वाटून विचित्र हात काढीत. त्यात लबाडी नाही, कारण ते आधी सांगितलेले असते. शकुनीचे फासे लबाड होते ते एकाच बाजूला ठाऊक होते म्हणून.

आमच्या आजीला हा भेद मान्य नव्हता. तिच्या मते पत्ता म्हणजे जुगार. मिशनामध्ये फासे खेळणाऱ्याची साक्ष अग्राह्य धरली आहे, आणि गमारात त्याची दोन कारणे चर्चिली आहेत: एक असे की हरणारा मनापासून पैसा देत नाही, म्हणून तो घेणे चोरीजवळचे, दुसरे असे की असा मनुष्य जगाच्या कामधंद्यात भाग घेत नाही. आम्ही पैशांवर खेळत नाही, तेव्हा पहिले कारण आम्हांला लागू नाही. दुसरे आमच्या सौ. जेवण थंड झाले की ऐकवतात. भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९६७ साली रमीचा खटला आला होता. न्यायमूर्तींनी रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरविला आणि त्यात जे दैव आहे ते ब्रिजच्या वाटणीतल्या दैवाच्याच जातीचे, असे म्हटले. म्हणजे ब्रिज हा त्यांनी मापदंड धरला. पाने येतात ती दैवाने. त्यानंतरचे सर्व आपले. आम्हांला हा निकाल फार आवडतो, परंतु त्याचा दुसरा अर्थ असा की बुडाल्यावर सबब उरत नाही.

आता बोलीविषयी. ब्रिजमधील बोली ही एक भाषा आहे आणि तीत शब्द आहेत अवघे अडतीस: सातपर्यंतच्या पस्तीस बोल्या आणि पास, डबल, रीडबल. एवढ्या शब्दसंग्रहात तेरा पानांचे वर्णन करायचे. आम्ही कचेरीत गोरेनच्या पुस्तकावर शिकलो. चार्ल्स गोरेनने १९४९ पासून लोकप्रिय केलेली गुणांची मोजणी, एक्क्याला चार, राजाला तीन, राणीला दोन, गुलामाला एक, हे आमचे पाढे. चार पानांचा रंग असला की बोलायचे. चाळीस वर्षांनी परतलो तर भाषाच बदललेली. आता पाच पानांशिवाय इस्पिक-बदाम बोलत नाहीत, आणि निम्म्या बोल्या उलट्या अर्थाच्या. चौकट बोलले म्हणजे बदाम आहे असे समजायचे, बदाम बोलले म्हणजे इस्पिक. त्याला ट्रान्सफर म्हणतात. यातील एक प्रकार ऑस्वल्ड जेकबी या टेक्सासवासी खेळाडूच्या नावाने ओळखला जातो आणि दुसऱ्याचे तर नावच टेक्सास. ज्या राज्यात राहतो त्याच्या नावाची बोली येत नाही हे बरे दिसेना, म्हणून आम्ही ती पाठ केली.

मग एका अनोळखी भिडूने एक नो ट्रम्प बोलून सुरुवात केली. आमच्याकडे इस्पिकची सहा पाने आणि जड हात. आम्ही मोठ्या ऐटीत चार बदाम बोललो. अर्थ असा की भिडूराज, आता चार इस्पिक म्हणा. भिडूराज पास म्हणाले. आम्हां दोघांत मिळून बदामाची तीन पाने होती, आणि ती घेऊन बदाम हुकमावर दहा हात करायचे होते. कितीने बुडालो ते लिहीत नाही. भिडूने पडद्यावर लिहिले, ‘मला वाटले तुमच्याकडे बदाम आहे’, आणि तो उठून गेला. आम्ही संतापलो. नंतर विचार केला, बदाम बोललो ते आम्हीच ना? त्याने आमचा शब्द खरा मानला हाच त्याचा गुन्हा.

या खेळाच्या कायद्यात खरेखोटेपणाचा जो विचार आहे तो आम्हांला कित्येक नीतिग्रंथांपेक्षा बारीक वाटतो. बोलीचा अर्थ दोघां भिडूंनी काय ठरवला आहे तो प्रतिपक्षाने विचारला तर सांगावाच लागतो; गुप्त भाषा चालत नाही. पण एखाद्याने नसलेला रंग धडधडीत बोलून सर्वांना चकवले तर ते सामान्यतः मान्य आहे. अट एकच, भिडूदेखील तितकाच फसला पाहिजे. भिडूला आतून ठाऊक असेल तर ती लबाडी. म्हणजे खोटे बोलणे हा अपराध नव्हे. काहींना खरे कळवून बाकीच्यांशी खोटे बोलणे हा अपराध. संसारात आणि समाजाच्या सभांत आपण याच्या नेमके उलट वागतो, पण तो विषय येथे नको.

आता मुख्य गोष्ट. यंत्रावरचा संशय गणिताने गेला, पण संशयाला घर लागते. एक सुटले की तो दुसरे शोधतो.

त्या रविवारी सौ.नी बदाम बोलून सुरुवात केली, आम्ही इस्पिक बोललो, त्या किल्वर बोलल्या, आणि शेवटी तीन नो ट्रम्पवर बोली थांबली. खेळणार आम्ही. उतारी मेहुण्यांची. त्यांच्या हाती किल्वरची पाच पानांची चांगली रांग होती, हे मागून दिसले. ती सोडून त्यांनी चौकटचे पान आणले, ज्या रंगाची त्यांच्याकडे दोनच पाने होती. वहिनींकडे चौकटची पाच पाने, वर एक्का-राणी. आमचा डाव कोसळला. याआधीच्या दोन रविवारींही त्यांची उतारी अशीच बरोबर वहिनींच्या वर्मावर पडली होती. डाव संपल्यावर फोनवर गप्पा होतात, त्यात आम्ही हसत म्हणालो, “काय हो, तुम्ही दोघे एकाच खोलीत बसता ना?”

हसत म्हणालो हे अधिक वाईट. रागाने म्हटले असते तर भांडून मोकळे झालो असतो.

मेहुणे थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “बसतो, भावोजी. तुम्ही कोठे बसता?” आणि वहिनींची औषधाची वेळ झाली म्हणून फोन ठेवला. पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. सौ. आमच्याशी बोलत होत्या, पण भावाचा विषय काढीत नव्हत्या, आणि भरल्या घरात तेवढे पुरते.

आम्ही आमच्या मनाची समजूत घालीत होतो, की संशय घेतला तो काही हवेतून नाही. ऑनलाइन खेळात लबाडी होते ती काय थोडीथोडकी? २०२० साली सर्व मोठ्या स्पर्धा पडद्यावर आल्या तेव्हा जागतिक दर्जाच्या काही खेळाडूंनी स्वतः कबुली दिली. पोलंडचा एक नामवंत खेळाडू दुसऱ्या नावाने प्रेक्षक होऊन चौघांचीही पाने पाहत असे. ते त्याने त्याच वर्षी सप्टेंबरात जाहीरपणे सांगितले. त्याआधी २०१५ चे प्रकरण तर इस्राएलातील आपल्या वाचकांना आठवत असेल. नॉर्वेच्या बोये ब्रोगेलँड या खेळाडूने इस्राएलच्या एका गाजलेल्या जोडीवर उघड आरोप केला. ही जोडी पूर्वी त्याच्याच संघात होती, आणि त्यांच्यासह जिंकलेल्या पदकांवर पाणी सोडायलाही तो तयार झाला. स्पर्धांचे चित्रीकरण उपलब्ध होते. निरनिराळ्या देशांतील खेळाडू ते डावामागून डाव पाहत बसले, आणि अखेर एकाच्या ध्यानात आले की पाने ठेवण्याची ती चपटी पेटी ही जोडी टेबलावर दर वेळी वेगवेगळ्या जागी ठेवते, आणि त्या जागेवरून कोणत्या रंगाची उतारी हवी ते कळते. त्या वर्षी चेन्नईत भरलेल्या जागतिक स्पर्धेतून इस्राएलच्या संघाने माघार घेतली. २०१६ मध्ये युरोपच्या संघटनेने त्या जोडीवर बंदी घातली.

हे सर्व आम्ही चिरंजीवांना ऐकविले, की पाहा, लबाडी असते. ते म्हणाले, “असते. पण त्यांनी शेकडो डाव पाहिले. तुम्ही किती पाहिले?”

तीन. आम्ही तीन डाव पाहिले होते.

यंत्राचा एक गुण असा की झालेला प्रत्येक डाव त्यात साठून राहतो. कोणाकडे काय होते, कोण काय बोलले, कोणी कोणते पान आणले. चिरंजीवांनी रविवारचे दीडशेवर डाव छापून आणून आमच्यापुढे ठेवले. आम्ही आणि सौ. एक वही घेऊन बसलो. आठ-दहा संध्याकाळी त्यात गेल्या. प्रथम हातांची मोजणी केली. भोके आणि लांब रांगा गणितात बसतात तशाच होत्या, थोड्या इकडे, थोड्या तिकडे. मग मेहुण्यांच्या उताऱ्या. किती तरी वेळा त्यांनी आणलेला रंग आमच्याच फायद्याचा निघाला होता आणि आम्ही डाव जिंकून चहा मागवला होता. ते डाव आम्हांला मुळीच आठवत नव्हते. वर्मावर पडलेल्या तीन मात्र मुखोद्गत. आणि त्या शेवटच्या डावात? बदाम, इस्पिक, किल्वर, तीन रंग आमच्या बाजूने बोलून झाले होते. न बोललेला एकच उरला, चौकट. बोलला नाही तो रंग आणावा हे ब्रिजच्या पहिल्या महिन्यात शिकवतात. ते आम्हांला कोणी शिकवले होते? ठाण्याच्या कचेरीत, जेवणाच्या सुट्टीत, याच मेहुण्यांनी.

आम्ही वही मिटली. सौ. म्हणाल्या, “अहो, मिटू नका. आता आपलेही तपासा.”

आमचे काय तपासायचे, असे आम्ही विचारले. तेव्हा त्यांनी जे सांगितले ते लिहिताना आजही हात अडखळतो. आम्ही दोघे एकाच जेवणाच्या टेबलाशी दोन पडदे घेऊन बसत होतो. आमच्यात कधी शब्द झाला नाही, खूण ठरली नाही, हे देवाला ठाऊक आहे. पण सौ. म्हणाल्या, “तुमचा हात चांगला असला की चहाचा कप तुम्ही बशीत हळू ठेवता. वाईट असला की आवाज होतो. आणि मी कमी बोलले की तुम्ही ‘च्च’ करता. मला पत्ते न बघताही कळते.” मग त्यांनी वहीतले दहाबारा डाव काढून दाखविले, जेथे त्यांना पास म्हणायचे होते आणि त्या पास म्हणाल्या नव्हत्या. “कपावरून?” आम्ही विचारले. “असेल,” त्या म्हणाल्या, “मला तरी कोठे कळते नक्की कशावरून ते?”

दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ आणि आपल्या डोळ्यातले मुसळ, एवढे म्हणून सुटता आले असते. परंतु आम्हांला यातला प्रश्न त्याहून अवघड वाटतो. ब्रिजचा कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. भिडूचा उसासा, त्याचा रेंगाळणे, त्याचा स्वर, यातून जे कळेल ते वापरायचे नाही. हेतू होता की नव्हता हे विचारीतच नाहीत. ज्याने उसासा सोडला त्याच्यापेक्षा ज्याने ऐकला त्याच्यावर अधिक जबाबदारी: ऐकलेल्याचा फायदा मिळेल ते टाळून त्याने दुसरा रस्ता धरायचा. म्हणजे जे ठाऊक आहे ते ठाऊक नसल्यासारखे वागायचे, आणि तेही उलट्या बाजूला झुकून. परक्या भिडूबरोबर हे एक वेळ जमेल. पण चाळीस वर्षांच्या संसारात, जिथे कपाच्या आवाजावरून मनुष्य ओळखला जातो, तिथे न ऐकणे म्हणजे काय करणे? आमच्या सौ.नी काही चोरले नाही. आम्ही काही दिले नाही. तरीही प्रतिपक्षाचे गेले ते गेले. आणि ज्यांचे गेले त्यांच्यावरच आम्ही आळ घेतला. ‘तुम्ही कोठे बसता?’ या मेहुण्यांच्या प्रश्नाला उत्तर द्यायला आम्हांला दीडशे डाव लागले.

माणसाला तोलताना पारडे त्याच्या बाजूला झुकते धरावे, असे पिर्के अबोथमध्ये शिकविले आहे. लहानपणी आम्हांला ते भोळेपणाचे वाटे. ब्रोगेलँड भोळा राहिला असता तर ती लबाडी आजही चालू असती. पण त्याने आरोप करण्याआधी आणि नंतरही आपले स्वतःचे काय जाईल याचा हिशेब मांडला, आणि पुरावा जगापुढे ठेवला. आमच्याजवळ एक हसणे होते.

नव्याचा सण होऊन गेला होता. दारफाळणीचा सण चार दिवसांवर आला. माणसाने माणसाचे जे केले ते त्या दिवसाच्या उपासाने सुटत नाही, आधी त्या माणसाकडे जावे लागते, हे आपण सर्व जाणतो. दर वर्षी आम्ही फोनवर सर्वांना एकदम ‘काही चुकले असेल तर’ असे म्हणून मोकळे होत असू. या वेळी काय चुकले ते ठाऊक होते, त्यामुळे म्हणणे जड गेले. पहाटे लवकर उठून अश्दोदला फोन केला. चौकटच्या डावाचे सांगितले, वहीचे सांगितले, आणि कपाचेही सांगितले. सौ. शेजारी उभ्या होत्या.

मेहुण्यांनी सर्व ऐकून घेतले. मग म्हणाले, “भावोजी, ते असू द्या. मी किल्वर आणले असते तर तुमचे नऊ हात झाले असते का?”

आम्ही छापलेला कागद पुढे ओढला, पाने मोजली आणि म्हटले, “झाले असते.”

“मग बरे झाले चौकट आणली,” ते म्हणाले, आणि वहिनींना हाक मारून फोन त्यांच्याकडे दिला.

शिळा सण झाल्यानंतरच्या रविवारी डाव पुन्हा सुरू झाला. आता सौ. आतल्या खोलीत शिवणाच्या यंत्राशेजारी बसतात आणि आम्ही जेवणाच्या टेबलाशी. मधले दार लावलेले असते. अश्दोदला जागा लहान आहे, म्हणून वहिनी स्वयंपाकघरात आणि मेहुणे गॅलरीत. आम्ही सुचविले नव्हते. त्यांनी आपणहून सांगितले. हुकूम चार-एक फुटतो, बोली चुकते, गेल्या आठवड्यात आम्ही पुन्हा चार बदामावर अडकलो. पहिल्या दिवशी खेळ संपल्यावर सौ. दार उघडून बाहेर आल्या आणि म्हणाल्या की कप तिथेही ऐकू येतो. तेव्हापासून चहा डाव संपल्यावर होतो.